वर काढलेल्या होड्या, जलरंग आणि त्यामागचा धंदा

खाडीकाठ

जलरंगांच्या कुठल्याही प्रदर्शनात जा. एका भिंतीवर बनारसचे घाट, दुसऱ्या भिंतीवर जुने वाडे आणि तिसऱ्यावर कोकण. त्या कोकणात होडी असतेच असते. वाळूत एका कुशीवर कललेली, मागे दोन माड, त्यामागे निळसर डोंगर, पुढे ओल्या वाळूत तिचं लांबट प्रतिबिंब. मीही अशा होड्या रंगवतो आणि त्या विकल्याही जातात, त्यामुळे हा धागा कुणाला नावं ठेवायला काढलेला नाही. पण चित्रांखालची शीर्षकं वाचा: 'विसावा', 'निवांत', 'सांज'. जी होडी वाळूवर आणायला दहा-बारा जणांचे खांदे लागले, तिच्याखाली आपण खुशाल 'विसावा' लिहून मोकळे होतो.

मुळात होडी वाळूवर का येते? जिथे जेटी आहे, बंदर आहे तिथे नौका पाण्यातच उभ्या राहतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात एकीला एक चिकटून लागलेले ट्रॉलर बघा. मोठी नौका रोज वाळूवर ओढणं कुणाच्या बापाला शक्य नाही. पावसाळ्यात वर घ्यायची तर क्रेन लागते, नाहीतर उधाणाची भरती साधून खाडीत आत सारावी लागते. माणसांनी ओढायची ती लहान होडी. आणि लहान होडी म्हणजे लहान धंदा: एका घराचा, फार तर दोन भावांचा. म्हणजे चित्रकाराने वाळूवरची होडी निवडली की त्याने न ठरवताच किनाऱ्यावरचा सगळ्यात कमी भांडवलाचा मच्छीमार निवडलेला असतो. पर्ससीनची, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याची, नौका मी आजवर एकाही जलरंगात पाहिलेली नाही. ती दिसायला वाईट असते म्हणून नाही, ती आपल्या स्टुलाजवळ येतच नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की होडीकडे बघण्याची रीत बदलते. आकार, छाया, प्रतिबिंब हे सगळं आहेच, पण त्याआधी नजर खुणांवर जाते. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एका जुन्या लाकडी होडीसमोर बराच वेळ बसलो होतो, तिचंच सांगतो. नाळेजवळची, म्हणजे पुढच्या टोकाजवळची, उजवीकडची एक फळी नवी होती. बाकीचं लाकूड उन्हा-खाऱ्याने राखाडी पडलेलं आणि ही एकटी तांबूस. खिळ्यांच्या डोक्यांपासून गंजाचे ओघळ खाली आलेले, पण फक्त जुन्या फळ्यांवर. काठावर, जाळं पाण्यात सोडताना आणि वर घेताना दोर घासतो तिथे, लाकडाला वाटीसारखा खळगा पडलेला. तो खळगा एकाच बाजूला होता, म्हणजे या होडीवरचा माणूस कायम त्याच बाजूने ओढतो. तळाशी पत्र्याचा चौकोनी तुकडा ठोकलेला, कडेने डांबर. बाजूला टेकू म्हणून लावलेलं फाटं आणि वाळूत पाण्यापर्यंत गेलेली कण्याची चरी, तिच्या दोन्ही बाजूंना टाचा रुतल्याचे खड्डे.

त्या होडीत माणूस नव्हता. पण तिच्यावर केलेलं काम सगळं समोर होतं. आपण काय करतो? फळ्यांवरून एकच वॉश (पातळ रंगाचा हात) फिरवतो, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घालून छान करडा रंग करतो, नवी फळी आणि जुनी फळी एक होऊन जाते. चरी पुसून टाकतो, कारण ती रचना 'तोडते'. पत्रा गाळतो. उरतं ते होडीच्या आकाराचं काहीतरी.

विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकार १८८१-८२ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कलरकोट्स नावाच्या मच्छीमार गावात राहिला होता. तिथे त्याने मोठ्या प्रमाणात जलरंग केले. त्यांत होड्या आहेत, पण समोर बहुतेक वेळा बायका आहेत: टोपल्या वाहणाऱ्या, जाळी दुरुस्त करणाऱ्या, वाऱ्यात उभं राहून समुद्राकडे बघणाऱ्या. त्याआधीची त्याची चित्रं आणि त्यानंतरची चित्रं शेजारी ठेवली तर माणसांचं वजन बदललेलं कळतं. आपल्याकडे सावंतवाडीच्या हळदणकरांनी जलरंगात दिव्याचा उजेड बाईच्या चेहऱ्यावर असा आणला की 'ग्लो ऑफ होप' बघायला लोक आजही म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये रांग लावतात. म्हणजे माध्यम कमी पडतंय असं कुणी म्हणू नये. आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत एवढे किनारे असताना मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई आपल्या चित्रात येते ती लांबचा एक लाल ठिपका म्हणून.

तर प्रश्न असा, की होडीच्या चित्रातून तिच्यावर पोट असलेला माणूस दिसावा यासाठी चित्रात माणूस काढावाच लागतो का? की होडीच नीट काढली तर पुरतं? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. तुम्ही सांगा. किनाऱ्यावरची मंडळी इथे आहेत हे माहीत आहे, त्यांनी तर जरूर लिहा.

ओलाब्रश

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. सविस्तर रात्री लिहितो. तूर्तास एवढंच की चरी आणि टाचांचे खड्डे याबद्दल पूर्ण सहमत. ती चरी म्हणजे रचनेला आयती मिळालेली रेषा असते, डोळ्याला पाण्यापासून होडीपर्यंत ओढत आणते. पुसतात ते वेडे.

सुरमई_फ्राय

चित्रं दिसत नाहीयेत. की टाकलीच नाहीत?

खाडीकाठ

टाकली नाहीत. माझी टाकली तर चर्चा माझ्यावर होईल.

तांडेलाचो_झील

चित्रां बरी आसतत तुमची, मी बघितलंय. माका चित्रातला काय कळणा नाय, पण होडयेतला कळता. एक सांगतंय, राग मानू नकात. फुडचा सगळ्यांका कळाक व्हया म्हणान शाळेच्या मराठीत लिवतंय.

तुम्ही लोक किनाऱ्यावर येता सकाळी नऊला. चहा-पोहे आटपून, छत्री, स्टूल घेऊन. आमची होडी पहाटेच्या अंधारात गेलेली असते, नाहीतर रात्रीची जाळी ओढून सातच्या आत परत आलेली असते. मासळी उतरली, बायका घेऊन बाजारात गेल्या, जाळं झटकून वाळत टाकलं, होडी वर घेतली आणि माणसं घरी जाऊन जेवून झोपली. मग तुम्ही येता आणि म्हणता काय शांत किनारा आहे! शांत आहे कारण आमचा दिवस संपलेला असतो. चित्रात माणूस का नाही याचं उत्तर तुमच्या घड्याळात आहे.

दुसरं पावसाळ्याचं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिकी नौकांना बंदी. बिगर-यांत्रिकी होडीला बंदी नाही असं कागदावर आहे, पण आषाढातल्या समुद्राला कागद दाखवून चालत नाही. तेव्हा होड्या वर, माडाच्या झावळ्यांखाली नाहीतर निळ्या ताडपत्रीखाली. ते दोन महिने म्हणजे सुट्टी नव्हे. जाळी उसवायची, शिवायची, शिशाच्या गोळ्या बदलायच्या, इंजिन उघडायचं, होडीचा तळ खरवडायचा, रंग काढायचा. आत काही येत नाही आणि बाहेर जातच असतं. त्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. उचल घेतली की मोसमात मासळी त्यालाच द्यायची, भाव तो सांगेल तो. तुमच्या चित्रातली ताडपत्रीखालची होडी म्हणजे त्या उचलीचं तारण समजा.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की परत सुरू. काही जण १ ऑगस्टलाच जातात, आमच्याकडे अजून बरेच थांबतात.

वेळणेश्वरी

@तांडेलाचो_झील, "तुमच्या घड्याळात आहे" हे एकदम बरोबर बसलं. हर्णैला उलटं आहे बघा. तिथे लिलावाला पर्यटक मुद्दाम जातात. बंदरात नीट धक्का नसल्यामुळे मोठ्या होड्या पाण्यात लांब थांबणार आणि मासळी लहान होडीने, बैलगाडीने किनाऱ्यावर येणार, हे वर्षानुवर्षं चाललंय. गाडीचा आस पाण्याखाली, बैलांच्या पोटाला लाटा लागतायत, मागे सुवर्णदुर्ग. सगळे फोटो काढतात. बैलगाडी फार छान दिसते म्हणे. धक्का नसल्याची ती छान दिसणारी बाजू.

आणि बायकांबद्दल. लिलावात बोली बोलणाऱ्या, हिशोब तोंडावर ठेवणाऱ्या, बर्फ फोडणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या बायकाच. होडी पुरुषाची आणि पैसा होतो तो बाईच्या पाटीत. होडी एकटी रंगवली की अर्धाच धंदा रंगवला. खाडीकाठ, तुम्ही म्हणता होडीच नीट काढली तर पुरतं. होडीवरची बाईची खूण कुठली ते सांगा बघू. तिचा हात होडीला लागतच नाही, तिचं काम होडीपासून वाळूच्या वरच्या अंगाला सुरू होतं.

नाममात्र

चर्चा रोचक आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. मला होडीचा वळसा आवडतो, त्या वळशावर सकाळचं ऊन कसं सरकतं ते आवडतं. ते मी काढतो. त्यात उचल, भाव, बंदीचे दिवस कसे दाखवू? आणि का दाखवू? भाताच्या खाचरांचं चित्र काढताना खताची पोती काढायची का?

चित्रकाराने मच्छीमाराचं दुःख दाखवायचं म्हणून एक म्हातारा होडीला टेकवून बसवतात, सुरकुत्या, पांढरी दाढी, क्षितिजाकडे नजर. त्यापेक्षा रिकामी होडी शतपटीने प्रामाणिक.

ओलाब्रश

म्हातारा टेकवून बसवणाऱ्यांबद्दल +१. तो म्हातारा बहुतेक वेळा इंटरनेटवरच्या फोटोतून येतो आणि केरळचा असतो.

आता सविस्तर. नाममात्र यांचा वळसा आणि खाडीकाठ यांच्या खुणा यात भांडण नाहीच मुळी. होडी चुकते कुठे? नव्वद टक्के लोकांची होडी चुकते ती नाळेपाशी आणि काठाच्या रेषेत. दोन्ही काठ दोन सुट्या रेषा म्हणून काढले की होडी केळीच्या सालीसारखी दिसते. इंग्रजी आठचा आकडा आडवा करून त्यातून काठ काढायची जुनी युक्ती आहे, ती करा. पण त्याहून मोठी चूक म्हणजे वजन. वाळूत बसलेली होडी वाळूवर ठेवल्यासारखी दिसते. का? कारण तळाशी जिथे लाकूड वाळूला भेटतं तिथे आपण एकसारखी गडद रेघ मारतो. खरं तर तिथे वाळू एका बाजूला दबलेली असते, दुसऱ्या बाजूला उकरलेली असते, मध्येच पोकळी असते. ती सावली तीन ठिकाणी तोडा, होडी लगेच जड होते. ती जड दिसली की ओढणारे न काढताही कळतात. म्हणजे पंचनामा न करता काम होतं.

गंजाचे ओघळ काढायचे तर पहिला वॉश ओला असतानाच बर्न्ट सिएनाचा थेंब खिळ्याच्या जागी सोडा आणि कागद उभा धरा. तो आपला आपण खाली येतो. नंतर ब्रशने काढलेला ओघळ नकली दिसतो.

कोकणातल्यांसाठी: हवा दमट इतकी की वॉश वाळता वाळत नाही. शहरातून आलेला माणूस सवयीने दुसरा वॉश लवकर टाकतो आणि चिखल करतो. थांबा. तेवढ्यात तांडेलांच्या मुलाशी बोलून घ्या, माहिती मिळेल. आणि पावसाळ्यात कागदाच्या गठ्ठ्याला बुरशी धरते, ती आधी दिसत नाही, रंग लावला की ठिपके उमटतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

सुताराची_नात

आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधल्या गेल्या, आता नाही. नव्या फळीचं लिहिलंत म्हणून लिहावंसं वाटलं.

लाकडी होडीचं लाकूड जिवंत असल्यासारखं वागतं. पाण्यात असली की फळ्या फुगतात आणि सांधे घट्ट बसतात. वर काढून उन्हात ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून झावळ्यांनी झाकायची ती नुसत्या पावसासाठी नव्हे, उन्हासाठीसुद्धा. सांध्यात कापूस नाहीतर काथ्या ठासून भरायचा, वरून राळ आणि तेल, नाहीतर डांबर. उंडीच्या बियांचं तेल लाकडाला चोळायचे, त्याचा कडवट वास आमच्या पडवीला कायम असायचा. मोसमाच्या आधी होडी पाण्याजवळ नेऊन थोडी भिजवायची, फळ्या फुगू द्यायच्या, मग उतरवायची. पहिल्या दिवशी थोडं पाणी येतंच, ते उपसायला एक पोर आत बसवायचे.

तर मे महिन्यात काढलेली होडी आणि जानेवारीत काढलेली होडी एकसारखी दिसता कामा नये. मे-जूनमध्ये सांध्यांच्या काळ्या रेघा रुंद होतात, उन्हाकडच्या बाजूला जास्त. चित्रकाराने महिना लिहिला नाही तरी आमच्या आजोबांनी सांगितला असता.

त्या एकट्या तांबूस फळीचं: ती बहुधा सागाची असेल आणि तिच्यासाठी कुणीतरी घरातलं काहीतरी मोडलं असेल. सागाचा भाव आता असा आहे की एक फळी बदलायची की होडी सोडून द्यायची हा हिशोब प्रत्येक दुरुस्तीला होतो. उरलेले लोक फायबरवर गेले. फायबरच्या होडीला सुतार लागत नाही, फाटली की कापड आणि रेझिन लावून घरी चिकटवतात. हलकी असते, चार जणांत वर येते. मच्छीमाराच्या कमरेला बरी. मला वाईट वाटतं ते माझ्या घरापुरतं. त्यांनी लाकूड सोडलं त्यात त्यांची काही चूक नाही.

वेळणेश्वरी

नात, सुंदर प्रतिसाद. वेगळा धागाच काढा यावर.

खाडीकाठ

सुताराची_नात, "चार जणांत वर येते" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मूळ लेखात मी दहा-बारा खांदे म्हटलं ते लाकडी होडीचे. फायबर आली म्हणजे किनाऱ्यावरची माणसंच कमी झाली. होडी ओढायला हाक मारली की शेजारचा यायचा, मग त्याची ओढायला आपण जायचं, ते जाणंयेणं गेलं.

वेळणेश्वरी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असं आहे: होडीच्या शेजारी वाळूवर उलटी ठेवलेली पाटी, बर्फाचा थर्माकोलचा खोका, वजनाचा काटा. त्या वस्तू आपण 'कचरा' म्हणून गाळतो. तिथे तिचा हात लागलेला असतो. तरी तुमचा मुद्दा उरतोच, की चित्राची चौकट पाण्याकडे तोंड करून लावली तर बाई चौकटीच्या बाहेरच राहणार. समुद्राकडे पाठ करून बसलं पाहिजे. तसं बसलेला चित्रकार मी पाहिलेला नाही, स्वतःसकट.

नाममात्र, खताची पोती खाचरात दिसत असतील तर काढायला हरकत काय? दिसत असताना खोडणं आणि नसताना आणून ठेवणं, दोन्ही मला सारखंच वाटतं.

नाममात्र

ठीक. पण मग फायबरच काढा की. तुम्हीसुद्धा दांडीवर जुनी लाकडी होडी शोधून तिच्यासमोरच बसलात ना? शेजारी चार फायबरच्या असतील.

सुरमई_फ्राय

आता मजा येतेय. (पॉपकॉर्नच्या जागी सुके बांगडे घेऊन बसलोय.)

ओलाब्रश

नाममात्र यांनी योग्य जागी बोट ठेवलं. फायबर काढणं अवघड आहे हे खरं कारण. लाकूड रंगाला साथ देतं, कोरडा ब्रश ओढला की पोत मिळतो. फायबरचा काठ गुळगुळीत, त्यावर आकाशाचं, वाळूचं, शेजारच्या होडीचं प्रतिबिंब. पांढरा भाग म्हणजे कागद कोरा सोडायचा, पण तो पांढरा कधीच पांढरा नसतो, खालून वाळूचा पिवळेपणा चढतो. आणि ती निळी ताडपत्री! तो निळा निसर्गात कशातच नाही. सेरुलियनने होत नाही, थॅलोने भडक होतो. दोन्ही थरात टाकून, सुरकुत्यांच्या कडा कोरड्या सोडून जमतं. जमलं की चित्र आजचं दिसतं.

विकत कोण घेतं हा पुढचा प्रश्न. एका रिसॉर्टवाल्याने माझ्याकडून सहा चित्रं सांगितली होती, जेवणाच्या हॉलसाठी. कच्ची रेखाटनं पाठवली. निरोप आला: ताडपत्री काढा, इंजिन काढा, होडीवरचा नंबर काढा, जाळी हिरवी आहेत ती तपकिरी करा आणि जमलं तर शीड लावा. शीड! त्याच्या रिसॉर्टच्या पायरीवर उभं राहिलं तर समोर एकही शिडाची होडी दिसत नाही, सगळी आऊटबोर्ड इंजिनांची घरघर. तोच आवाज पाहुण्यांना नको म्हणून याने खिडक्यांना दुहेरी काचा लावल्यात. पैसे चांगले देत होता. दोन चित्रं करून दिली, बाकी सोडली.

वेळणेश्वरी

शीड लावून दिलंत का?

ओलाब्रश

एकाला लावलं. मुलीची फी होती.

तांडेलाचो_झील

नंबर काढा म्हणाला?

नंबर म्हणजे काय ते सांगतो. नाळेवर दोन्ही बाजूंनी नोंदणीचा नंबर रंगवलेला असतो. त्या नंबरावर परवाना, त्यावर डिझेलचा परतावा, त्यावर विमा, वादळात होडी हरवली तर भरपाई. नोव्हेंबर २००९ च्या फयानमध्ये आणि नंतर तौक्तेत ज्यांच्या होड्या गेल्या त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला, नंबर काय. कागद नसेल तर होडी नव्हतीच. गस्तीची बोट आली तर लांबून नंबर बघते. आम्ही होडीला पोरीचं नाव देतो, देवीचं नाव देतो, पण सरकारला ती नंबराने माहीत.

चित्रकार नंबराच्या जागी चार वेड्यावाकड्या रेघा मारतात. लांबून अक्षर वाटावं म्हणून. माझा बाप असलं एक चित्र बघून हसला होता, म्हणाला ही होडी पकडली तर सोडवायची कशी?

आणि पर्ससीन तुमच्या स्टुलाजवळ येत नाही म्हणालात. आमच्या जाळ्याजवळ येते. १९८१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवला, एलईडी लावून मासेमारीला बंदी आहे. रात्री समुद्रात बघा, बाजारपेठेसारखा उजेड असतो. रापणीला पूर्वी पेडवे, तारली भरभरून लागायची. अख्खी वाडी दोन टोकांना दोर धरून ओढायची, वाटे पडायचे, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. वाटेवरचा माणूस हात लावायला आला तरी मूठभर मासळी घेऊन जायचा. आता कधी कधी दोन तास ओढून पिशवीत जेलीफिश. रापणीची होडी वर काढून ठेवलेली दिसली तर ती पावसामुळे आहे की परवडत नाही म्हणून आहे, तेवढं विचारून घ्या. आश्विन-कार्तिकात झाकलेली असली तर उत्तर कळेलच.

जांभा_दगड

रत्नागिरीकडचं एक जोडतो. मोठ्या नौकांवर आता बरेचसे खलाशी नेपाळचे. हिमालयातला माणूस अरबी समुद्रात जाळं ओढतो. मे अखेरीस नौका लागल्या की ते गावी जातात, ऑगस्टला परत. तेव्हा जून-जुलैत बंदरात काढलेल्या चित्रात माणसं नसली तर ती रेल्वेत असतात.

भरतीओहोटी

चित्रकारांसाठी व्यवहाराचं लिहितो. नऊला जाऊन काही मिळत नाही हे वर आलंच आहे. तिथी बघून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा, पुढची साधारण साडेबारा तासांनी. भरतीनंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकतं. त्यामुळे कालचं अर्धं चित्र आज त्याच वेळी बसून पूर्ण करू म्हणाल तर ओल्या वाळूची रेघ सरकलेली असते.

दुसरं, उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे फरक आहे. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण त्याच्या निम्मंच. म्हणून अलिबाग-मुरुडकडे ओहोटीला चिखल-वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि होड्या जागच्या जागी कलंडून बसतात, कुणी ओढलेल्या नसतात. दक्षिणेकडे होडी वाळूवर दिसली तर बहुधा ओढलेलीच. दोन्ही चित्रात होडी कललेलीच दिसेल, पण एकीखाली चरी असेल, दुसरीखाली नसेल.

सुताराची_नात

हे माहीत नव्हतं असं नाही, पण असं कधी मांडलेलं ऐकलं नव्हतं. धन्यवाद.

खाडीकाठ

भरतीओहोटी, हा प्रतिसाद छापून रंगांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवणार.

तांडेलाचो_झील, तुमच्या वडिलांची हरकत नसेल तर त्यांची होडी काढायची आहे. फायबर असेल तर फायबर. नंबर असेल तसा, ताडपत्री असेल तशी. प्रदर्शनात लावायची तर नंबराचं आधी विचारेन. येत्या अष्टमीला मालवणात आहे. हिशोबाने सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. तेव्हा येऊ का? ओल्या वाळूचा पट्टा चांगला मिळेल.

तांडेलाचो_झील

बाराक येऊन काय करतालास, वाळूत पाय भाजतले. भरती असताना होडी वर घेतो, ओढूची वाट कमी पडता. साडेपाचाक येवा. आमची अजून लाकडीच आसा आणि माणसां कमी पडतत. चित्र मगे काढा.

ओलाब्रश

मीपण येतो. पाठीचा त्रास आहे, पण दोर धरीन. कागद कुठे ठेवायचे तेवढं सांगा.

तांडेलाचो_झील

बापूस म्हणता, होडयेत सोडून खयंय ठेवा.